पाणलोट आणि खोरें

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत जलविभाजक या शब्दाची व्याख्या एका ओळींत आटोपते : ज्या उंच रेषेवर पडलेलें पाणी दुभंगून दोन निराळ्या नद्यांकडे जातें, ती रेषा. विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र ही रेषा पायांखालीं असते. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या गोदावरीला पश्चिम समुद्र अवघा ८० किलोमीटर दूर. पण उगम रेषेच्या पूर्वेस पडला, म्हणून ती १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते.

याचें कारण भूमीच्या घडणींत आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून हा प्रदेश बनला. त्याची पश्चिमेकडील बाजू तुटलेल्या कड्यासारखी उभी आहे, पूर्वेकडील हळूहळू उतरत जाते. म्हणून कोंकणांतल्या नद्या आंखूड व धांवत्या, देशावरच्या लांब व संथ. नैर्ऋत्येचे मोसमी वारे या कड्यास अडून वर चढतात, थंड होतात, आणि माथ्यावरच बहुतेक पाणी टाकून मोकळे होतात. महाबळेश्वरीं वर्षाला सुमारें ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस घाट उतरून वाईस यावें, तर तेथें त्याचा सहावा हिस्साही पडत नाहीं. अशा प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. शब्द कानाला गोड आहे. सावलीचें सुख मात्र त्यांत नाहीं.

घाटमाथा आणि देश यांच्यामधली डोंगराळ पट्टी ती मावळ. येथें प्राकृतिक भूगोल कोठें संपतो आणि मानवी भूगोल कोठें सुरू होतो, हें सांगणें कठीण आहे. नदीनें कोरलेली दरी तें खोरें. पण महसुलाचें, वतनाचें आणि बहुधा सोयरिकीचेंही क्षेत्र तेंच. मुठेखोरें, पवन मावळ हीं नांवें नद्यांनींच दिलेलीं. खोऱ्याखोऱ्याचा देशमुख निराळा. कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख होते. शिवछत्रपतींनीं राज्य उभारण्यास आरंभ केला, तो हीं खोरीं एकेक करून जोडीत. त्यांचे मावळे या नांवांतच त्यांचा भूगोल आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्रविद्येनें त्याच रेषेकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. माथ्याच्या पूर्वेस पाणी अडवावें, पश्चिमेच्या कड्यावरून नळांनीं खालीं सोडावें, पडत्या पाण्यावर वीज करावी व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरवावी, अशी ही योजना. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी खोपोलीस उतरवून टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं ती सिद्ध करून दाखविली. कल्पना मोठी होती, यांत शंका नाहीं. पाण्याला जी रेषा ओलांडतां येत नव्हती, ती मनुष्यानें त्याला ओलांडावयास लावली.

पुढची पाळी मुळा नदीची आली. तिच्या वरच्या खोऱ्यांत, मुळशी पेट्यांत, आंबेमोहर भाताचीं खाचरें होतीं. धरण बांधलें कीं तीं बुडणार. जमीन घेतली ती १८९४ च्या जमीन संपादनाच्या कायद्यानें. खाजगी कंपनीचें काम त्यांत सार्वजनिक काम ठरलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं धरणाच्या जागीं सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. काम कांहीं काळ थांबलें, मग पुन्हां सुरू झालें. लढ्याच्या पुढाऱ्यांत विनायकराव भुस्कुटे होते, आणि पांडुरंग महादेव बापट होते. सेनापति ही पदवी बापटांना मिळाली ती येथेंच. १९२४ सालीं धरणाच्या कामाची आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि सत्याग्रह मावळला.

एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाहीं. मुळशींतली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारा मावळा जमीन सोडण्यास तयार नव्हता. सावकाराला मोबदला पुरेसा वाटत होता. नकाशावर खोरें एकच दिसतें, पण त्यावर हक्क सांगणारे दोन होते, आणि त्यांचें हित एक नव्हतें. लढा हरण्याचें हें एकमेव कारण नव्हे. तथापि तें वगळून मुळशीची हकीकत पुरी होत नाहीं.

१९२७ सालीं कड्याखालच्या भिऱ्यास वीज निघूं लागली. भीमेच्या खोऱ्यांत दुष्काळ पडला म्हणजे हें पाणी पुन्हां पूर्वेस वळवावें, ही मागणी पुढें अनेकदां झाली. मुळा पुण्यांत मुठेस मिळते व भीमेच्या वाटेनें कृष्णेकडे जाते, हें पुस्तकांतलें वाक्य खरें आहे. परंतु तिच्या वरच्या पाणलोटांत पडलेला बराचसा पाऊस आजही सुमारें ५०० मीटर खालीं भिऱ्यास उतरतो आणि कुंडलिकेंतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळतो.