मंगळावरची हाक आणि खोडदचे कान

जुन्नर तालुका म्हटला की आपल्याला शिवनेरी आठवते. पण त्याच मुलखात, नारायणगावच्या अवतीभवती, माणसाने आभाळाशी बोलणेही मांडले. आर्वीला १९७१ साली उपग्रहामार्फत परदेशाशी संभाषण साधणारे केंद्र उभे राहिले; आणि खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. या दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी जे ऐकले, त्याची ही हकीकत.

त्या दिवशी युरोपचे 'स्कियापरेली' हे यान मंगळावर उतरत होते. बिचाऱ्याचा आवाज बेताचाच. तो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी ऐकावा आणि पुढे पृथ्वीकडे धाडावा, असा बेत होता. तरीही सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून, जवळजवळ दहा मिनिटांचा प्रवास करून, ती क्षीण हाक थेट खोडदला पोहोचली! आणि यान जमिनीला टेकण्याची वेळ येण्याआधीच ती तुटली.

यान आपटले होते. का आपटले, हे मात्र खोडदला कळणे शक्य नव्हते. तिथे हाक ऐकू आली, शब्द नव्हेत. शब्द टिपले ते वर फिरणाऱ्या मातृयानाने. त्यावरून उलगडा झाला. यानाचे फिरणे मोजणारे उपकरण सेकंदभर गोंधळले, आणि आपण जमिनीच्याही खाली पोहोचलो असा गणकयंत्राने हिशेब केला! मग हवाई छत्री लवकर सुटली, इंजिने तीनच सेकंदांत बंद पडली, आणि यान पावणेचार किलोमीटरांवरून कोसळले. १९९९ साली अमेरिकेचे 'मार्स पोलर लँडर' असेच हरवले होते. पण उतरताना ते बोलतच नव्हते, म्हणून कारण तर्कानेच ठरवावे लागले. मला हा फरक फार मोठा वाटतो.

हे निरोप्याचे काम १९७६ च्या 'व्हायकिंग'पासून चालू आहे. पण ही याने मुख्यतः अभ्यासासाठी धाडलेली. त्यांतली बरीच तीन-चारशे किलोमीटरांवरून फिरतात आणि एका जागेवरून काही मिनिटांतच निघून जातात.

आम्ही गुलमंडीकर दिवाळीत आकाशकंदील लावतो. खाली टांगला तर एकच दार उजळते. उंच चढवला तर सारा चौक दिसतो, पण उजेड फिका पडतो. मंगळापासून सुमारे सतरा हजार किलोमीटरांवर, विषुववृत्ताच्या वर, उपग्रह ठेवला, तर तो मंगळाबरोबरच फिरतो आणि एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. असे तीन ठेवले की बहुतेक मंगळ नजरेत येतो. मात्र अंतर वाढल्याने हाक क्षीण होते, आणि तबकड्या मोठ्या लागतात.

वाट दाखवायची तर तिघांनी भागत नाही. जागा ठरवायला तीन अंतरे हवीत, आणि घड्याळाची चूक काढायला चौथे. म्हणजे एका वेळी चार उपग्रह दिसले पाहिजेत. शिवाय विषुववृत्तावरचे उपग्रह ध्रुवांवरून दिसत नाहीत, म्हणून काही तिरप्या कक्षांत फिरवावे लागतील. आणि मंगळावरच्या बर्फाचे मोठे साठे तर ध्रुवांपाशीच आहेत.