सातबाऱ्यावर नसलेला हत्ती

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. शेजारी उभं राहणाऱ्याला तो दिसत नाही, पायाशी नुसत्या खाचा दिसतात. उंचावरून पाहिलं की सोंड, पाठ, पाय जुळतात आणि मग लक्षात येतं, की त्याच्या अंगातही जमिनीवरचे आणि पाण्यातले कितीतरी प्राणी खोदलेले आहेत.

रत्नागिरीत इतिहास बघायला येणारा माणूस सहसा थिबा पॅलेसला जातो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला, १९१० मध्ये त्याचा राजवाडा उभा राहिला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या खर्चाचा, तक्रारींचा, मुलींच्या लग्नांचा पत्रव्यवहार इंग्रज सरकारने जपून ठेवला. वाड्याची एखादी भिंत उद्या पडली, तरी थिबाची हकीकत कागदांवरून सांगता येईल. कशेळीच्या हत्तीचा असा एकही कागद नाही.

कोकणातल्या अशा कातळशिल्पांची खरी अडचण हीच. जांभ्याच्या उघड्या पठारावर माती जेमतेम असते, त्यामुळे उत्खनन करून थर मोजायचे, कोळसा किंवा हाडं शोधायची, ही नेहमीची वाट इथे बहुतेक ठिकाणी बंद. अंदाज बांधायचा तो चित्रांवरूनच. काही शिल्पांत गेंडा आणि पाणघोडा ओळखता येतो, आणि हे प्राणी आजच्या कोकणात नाहीत. शेतीच्या खुणा तर चित्रांत सापडतच नाहीत. म्हणून ही शिकारी माणसांची कला असावी आणि तिचा काळ दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत जावा, असं अभ्यासकांना वाटतं. परशुरामाने समुद्र हटवून मिळवलेली भूमी, ही ज्या प्रदेशाची आवडती उत्पत्तिकथा, त्याला आपल्या जुन्या रहिवाशांचा एवढा मोठा पुरावा पायाखाली मिळावा, हे विशेषच.

पण सडा काही नुसता पडून नसतो. जांभ्याचा चिरा हा कोकणातल्या घराचा पाया आणि भिंत. पूर्वी तो हाताने काढायचे, आता यंत्र फिरतं आणि बघता बघता कातळाचे सरळ काप पडतात. हापूसची कलमं लावायलाही कातळात सुरुंगाने खड्डे पाडतात. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेल्या जमिनीला असं मोल आलं, तर मालकाने ते का सोडावं? खाचांमध्ये चित्र आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगायला सरकारच्या आधी गावचीच माणसं गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले. त्यांना वाट दाखवली ती गुराख्यांनी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी. गुरं चारताना या खाचा त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. मग गवत काढायचं, साचलेली माती खराट्याने झाडायची, आकार मोकळा करायचा. पावसाळ्यात सगळं पुन्हा गवताखाली. अशा शोधांतून शिल्पांची संख्या शेकड्यांवरून हजाराच्या पुढे गेली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत कोकणच्या कातळशिल्पांची नोंद झाली. तिच्यात कशेळी, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी आणि बारसू ही रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं आहेत.

त्याच बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प आणायचं ठरत होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथे मोठं आंदोलन झालं. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचेही मुद्दे रोजगाराचे, पाण्याचे, बागांचे होते. कातळशिल्पांचा मुद्दा उशिरा आला आणि अनेकांना तो ऐनवेळी काढलेला वाटला. गावाला आपल्या सड्यावर काय आहे हे दहा वर्षं आधी ठाऊक असतं, तर तो तसा वाटला नसता.

उक्षीत ते आधी घडलं. तिथला हत्ती गावकऱ्यांनी लोकसहभागातून राखला. बाकी बहुतेक शिल्पं आजही खासगी मालकीच्या सड्यांवर आहेत, आणि खाणीचं उत्पन्न सोडणाऱ्या मालकाला त्या बदल्यात काय द्यायचं, हे सरकारला जागोजाग बसून ठरवावं लागणार आहे.