किल्ल्याचा तट आणि आपलं मागचं फाटक

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "सर, इतिहासाचं काहीतरी लिहा." निवृत्त मास्तराला असं सांगणं धोक्याचं, म्हणून पानही एकच दिलंय. तेव्हा फक्त भिंतींबद्दल लिहितो. मागच्या सर्वसाधारण सभेत आपलं मागचं फाटक बुजवून भिंत सलग करावी, असा ठराव आला होता, आठवत असेल. शाळा-कॉलेजची मुलं तिथून आरपार जातात, सायकली दामटतात, मे महिन्यात आंब्यांवर दगड मारतात. तक्रार खोटी नाही. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे.

आपलं खरे-ढेरे-भोसले महाविद्यालय ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याची दोन आवारं मी जवळून पाहिली. एक फोर्टातलं, एक कालिन्याचं.

विद्यापीठ स्थापन झालं 18 जुलै 1857 रोजी, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले. मुंबईला तेव्हा किल्ल्याचा तट होता. 1860 नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तो पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता. तट गेल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट एका रांगेत उभे राहिले. समोर ओव्हल मैदान आणि त्यापलीकडे, बॅकबेचा भराव पडेपर्यंत, समुद्र.

प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयाला 2 लाख आणि मनोऱ्याला 2 लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव, राजाबाई. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत! काम 1 मार्च 1869 ला सुरू झालं आणि नोव्हेंबर 1878 मध्ये संपलं. उंची 280 फूट. मला त्यातलं घड्याळ महत्त्वाचं वाटतं. कॉलेजचं तोंडही न पाहिलेला हमाल रस्त्यावरून मान वर करून विद्यापीठाच्या घड्याळात वेळ बघू शके.

कालिन्याचं विद्यानगरी आवार शंभरेक वर्षांनी वसलं. सुमारे 230 एकर जागा, भोवती भिंत. मी 1981 साली एम.ए.ला तिथे गेलो. सांताक्रूझहून बस, फाटक, तास, ग्रंथालय, पुन्हा फाटक, पुन्हा बस. ग्रंथालय उत्तम होतं. पण दोन वर्षांत कालिना गावठाणातल्या एकाही माणसाशी माझी ओळख झाली नाही. आता भिंत नसती तर मुंबईत एवढी जमीन शिल्लक राहिली असती का, हाही प्रश्नच आहे, ते मी मान्य करतो.

फोर्टातही सगळं आपोआप टिकलं नाही. ओव्हलची दुर्दशा झाली तेव्हा 1990 च्या दशकात आसपासचे रहिवासी, तुमच्या-आमच्यासारखेच, संघटना करून कोर्टात गेले आणि त्यांनी मैदान सावरलं. कुंपण आहे, पण चर्चगेटकडून विद्यापीठ-हायकोर्टाकडे जाणारी मधली पायवाट त्यांनी दिवसा चालणाऱ्यांना ठेवली.

आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? वाडीला गडगा असायचाच. गुरं आत शिरू नयेत म्हणून बेडं लावलेलं असायचं. पण त्याच वाड्यांमधून पाणंदी समुद्रावर जात, आणि माझ्या लहानपणी कुणी "कुठे चाललास रे?" एवढं विचारी, अडवत नसे. मीही लोकांचे आंबे पाडलेत, आता लिहायला हरकत नाही.

म्हणून पुढच्या सभेसाठी मी सेक्रेटरींकडे दुरुस्ती दिली आहे. फाटक सकाळी 6 ते रात्री 8 उघडं ठेवावं, सायकल हातात धरून न्यावी, रात्री कुलूप. किल्ली माझ्याकडे राहील. पहाटे 5 ला मी उठलेलाच असतो.