दुय्यम संघांवरचा सट्टा

सामनानिश्चितीचा, म्हणजे पैशांच्या मोबदल्यात सामन्याचा निकाल किंवा त्यातील एखादा प्रसंग आधीच ठरवून टाकण्याचा, इतिहास सहसा दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि भारताचा कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन या नावांभोवती फिरतो; त्यामुळे आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, सहयोगी सदस्यांकडे, म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेल्या देशांकडे, अभ्यासकांचे लक्ष उशिराच गेले. 29 फेब्रुवारी 1996 रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळले, तेव्हाचा कर्णधार आणि सामनावीर मॉरिस ओडुम्बे याच्यावर ऑगस्ट 2004 मध्ये सट्टेबाजांशी अनुचित संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. त्याने आरोप नाकारले. मात्र केनियाचे मंडळ त्या काळात खेळाडूंचे मानधनही धडपणे देऊ शकत नव्हते, हे विसरून या प्रकरणाचा अर्थ लागत नाही.

सट्ट्याची उलाढाल खेळणाऱ्या देशाच्या ऐपतीवर नव्हे, तर सामना कुठे दिसतो यावर ठरते. भारतीय बुकी निकालाबरोबरच ‘सेशन’चाही, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील याचाही, भाव काढतात, आणि तेवढे घडवायला एखादा फलंदाज किंवा गोलंदाज फितूर झाला तरी पुरते. परवानाधारक बाजारात संशयास्पद रकमेची नोंद तरी राहते. महाराष्ट्रात 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली हा व्यवहार गुन्हा ठरत असल्याने तो तोंडी आणि बेनामी चालतो, म्हणजे बंदीनेच पुरावा पुसला जातो. त्यात 1 जानेवारी 2019 पासून सर्व सदस्य देशांच्या पुरुष संघांतील टी-20 सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि रिकाम्या मैदानावरचे, पण इंटरनेटवर दिसणारे सामने सट्ट्याला खुले झाले.

त्याच वर्षी हाँगकाँगच्या इरफान व नदीम अहमद या भावांवर आजन्म बंदी आली. संयुक्त अरब अमिरातीचा कर्णधार मोहम्मद नवीद आणि फलंदाज शैमान अन्वर यांच्यावर मायदेशी होणाऱ्या विश्वचषक पात्रता स्पर्धेच्या तोंडावरच आरोप ठेवले गेले, आणि मार्च 2021 मध्ये दोघांना आठ वर्षांची बंदी झाली. आयसीसीची आचारसंहिता मात्र खेळाडू, प्रशिक्षक, पंच अशा खेळाशी संबंधितांनाच बांधते; ज्याचा पैसा या फितुरीमागे असतो तो सट्टेबाज सहसा तिच्या कक्षेबाहेर, स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर राहतो.