बारा वर्षं इंग्रजी शिकलो, पण कानाची परीक्षा कधी झालीच नाही! लिसनिंग आणि रायटिंग टेस्ट नेमकी कशी असते?

शीळफाट्यावर उभं राहिलं की चार दिशांचे रस्ते दिसतात. एक मुंब्र्याकडून येतो, एक पनवेलकडे जातो, एक कल्याण-डोंबिवलीकडे, तर एक महापेमार्गे नवी मुंबईत उतरतो. सकाळी या फाट्यावर बस आणि रिक्षांसाठी थांबलेल्या गर्दीत कॉलेजची मुलं बरीच असतात. कुणी शीळ, डायघर, पडले, खिडकाळी या गावांतल्या मराठी शाळेतून आलेलं, कुणी मुंब्रा-कौसातल्या उर्दू माध्यमातून, तर कुणी पलावासारख्या नव्या वसाहतीतल्या इंग्रजी शाळेतून.

ही सगळी मुलं ग्रॅज्युएट झाली की त्यातल्या अनेकांची पहिली नोकरीची अर्जी महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये किंवा ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये जाते. तिथे बऱ्याचदा मुलाखतीआधीच एक गोष्ट समोर येते, ती म्हणजे हेडफोन. एक वाक्य ऐकू येतं, ते तसंच टाइप करायचं. पुढचं वाक्य येतं, मागचं परत ऐकायला मिळत नाही.

बारावीत इंग्रजीला ७० मार्क पडलेली मुलंही इथे अडतात. असं का होतं? आणि या टेस्टमध्ये तपासतात तरी काय? सविस्तर समजून घेऊया.

आपल्याकडे इंग्रजी कधीपासून शिकवतात?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तेव्हा प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजी पाचवीपासून असायचं. निर्णयावर वाद झाले, पण अंमलबजावणी झाली. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाने बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी हा विषय घेतलेला असतो.

पण या बारा वर्षांत मार्क कशाला मिळाले? मुख्यतः लिहिण्याला, आणि तेही पुस्तकातल्या ओळखीच्या धड्यांवर. बारावीच्या इंग्रजीत ८० गुणांचा लेखी पेपर असतो आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. लेखी पेपर बोर्डाचा. २० गुण मात्र कॉलेजच्याच हातात.

या २० गुणांकडे आपण कसं बघतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट दिसलं. त्या वर्षी दहावीला भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली गेली. निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रमही तेव्हा नवा होता, त्यामुळे सगळं खापर एकाच बदलावर फोडता येत नाही. पण ओरड झाली आणि पुढच्या बॅचपासून ८०-२० ची पद्धत परत आली. सगळी चर्चा मार्क वाढतात की घटतात यावर झाली. मुलांना ऐकून समजतं का, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

कॉलेजमध्ये तरी लिसनिंग असतं का?

असतं, पण वेगळ्या पद्धतीने.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. या विद्यापीठात बीकॉमच्या पहिल्या वर्षाला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ आणि बीएला ‘कम्युनिकेशन स्किल्स इन इंग्लिश’ हे पेपर वर्षानुवर्षं राहिले आहेत. इंजिनिअरिंगला ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ असतं.

बिझनेस कम्युनिकेशनमध्ये लिसनिंगवर स्वतंत्र भाग शिकवला जात आला आहे. ऐकण्याचं महत्त्व काय, चांगलं ऐकण्यासाठी काय करावं, वगैरे. आता गंमत बघा. लेखी पेपरात त्यावर टीप लिहायला येते. विद्यार्थी गाइडमधून चार मुद्दे पाठ करतो, लिहितो आणि मार्क मिळवतो. ऑडिओ मात्र एकही वाजत नाही. पोहण्याची परीक्षा कागदावर घेण्यासारखंच हे.

यात शिक्षकांची अडचणही खरी आहे. एका वर्गात शंभरच्या आसपास मुलं, स्पीकर एकच, लँग्वेज लॅब असली तर तिचं वेळापत्रक गच्च. लेखी पेपर एकाच वेळी हजारो मुलांचा घेता येतो. लिसनिंगला शांत खोली, चांगला आवाज आणि सगळ्यांना सारखं ऐकू येण्याची हमी लागते.

लिसनिंग टेस्टमध्ये नेमकं काय तपासतात?

अनेकांना वाटतं, अ‍ॅक्सेंट कळला की झालं. प्रत्यक्षात चार वेगवेगळी कामं एकाच वेळी चाललेली असतात.

पहिलं, आवाज ओळखणं. फिफ्टीन की फिफ्टी, कॅन की कान्ट, इथे एका छोट्या आवाजाने अर्थ उलटतो.

दुसरं, शब्द तोडणं. बोलताना इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटतात. ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू’ हे चार-पाच शब्द कानावर एकाच झटक्यात पडतात. पुस्तकात वाचलेला शब्द ओळखीचा असतो, पण त्याचा आवाज अनोळखी.

तिसरं, लक्षात ठेवणं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यात राहायला हवी.

चौथं, अर्थ लावणं. बोलणारा माहिती देतोय, तक्रार करतोय की नकार देतोय, हे ओळखणं.

मराठी मुलांसाठी एक खास अडचण आकड्यांची आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’, आधी वीस, मग पाच. हिंदी आणि उर्दूतही क्रम मराठीसारखाच. घाईत फोन नंबर किंवा रक्कम लिहून घेताना इथे गडबड होऊ शकते. कॉल सेंटरच्या कामात अशी एक चूक ग्राहकाला महागात पडते.

रायटिंगमध्ये काय बघतात?

इथेही गैरसमज आहे. स्पेलिंग आणि व्याकरण बरोबर म्हणजे रायटिंग चांगलं, असं नसतं. आयईएल्ट्स या परीक्षेत लेखन चार निकषांवर तपासतात:

• विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलंय का
• मुद्दे एकमेकांना नीट जोडलेत का
• शब्द नेमके आणि पुरेसे वेगवेगळे आहेत का
• व्याकरण बरोबर आहे का, आणि वाक्यं एकाच साच्यातली तर नाहीत ना

चारही निकषांना सारखं वजन असतं. म्हणजे एकही चूक नसलेला पण विषय सोडून लिहिलेला निबंध मागे पडतो.

मराठी भाषकांच्या चुका बऱ्याचदा मराठीच्या रचनेतून येतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ सारखी उपपदं नाहीत, म्हणून ती इंग्रजीत गळतात किंवा नको तिथे येतात. क्रियापद मराठीत शेवटी येतं, इंग्रजीत मध्ये. यात बुद्धीचा काही संबंध नाही. एका भाषेची सवय दुसऱ्या भाषेत जाते, एवढंच.

जगात या टेस्ट कशा घेतात?

युरोपच्या ‘काउन्सिल ऑफ युरोप’ने २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांची एक मोजपट्टी जाहीर केली, ‘सीईएफआर’. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या. बी-१ म्हणजे ओळखीच्या विषयावर कुणी स्पष्ट बोललं तर मुख्य मुद्दे कळणं. परदेशी विद्यापीठं साधारण बी-२ किंवा त्यावरची पातळी मागतात. बहुतेक मोठ्या टेस्ट आपले गुण या पट्टीशी जोडून दाखवतात.

आयईएल्ट्स १९८९ पासून सुरू आहे. लिसनिंगला साधारण ३० मिनिटं, चार भाग आणि ४० प्रश्न. ऑडिओ एकदाच वाजतो. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले तर ६ बँड, ३० आले तर ७ बँड. उत्तर बरोबर पण स्पेलिंग चुकलं, तर मार्क जातो. रायटिंगला ६० मिनिटांत दोन उत्तरं, एक किमान १५० शब्दांचं आणि दुसरं किमान २५० शब्दांचं. दुसऱ्याचं वजन दुप्पट.

पीटीईमध्ये ऐकणं आणि लिहिणं एकत्रच तपासतात. एका प्रकारात छोटं भाषण ऐकून ५० ते ७० शब्दांत सारांश लिहायचा. दुसऱ्यात एक वाक्य ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं, प्रत्येक बरोबर शब्दाला गुण.

नोकरीसाठी व्हर्संट आणि एएमकॅट ही नावं विद्यार्थ्यांना ओळखीची आहेत. व्हर्संटमध्ये उत्तर ऐकून गुण देण्याचं काम कॉम्प्युटर करतो. विप्रोच्या फ्रेशर भरतीत निबंधाचीही फेरी राहिली आहे. कंपन्या आपला पॅटर्न बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचणंच सुरक्षित.

ऐकून लिहिण्याची परीक्षा आपल्याकडे नवीन आहे का?

अजिबात नाही. शॉर्टहँड हे त्याचंच जुनं रूप. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टायपिंगसोबत शॉर्टहँडच्याही परीक्षा घेते. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या स्टेनोग्राफर भरतीत १० मिनिटांचं डिक्टेशन असतं. ग्रेड ‘सी’ला मिनिटाला १०० शब्द, ग्रेड ‘डी’ला ८०. म्हणजे ग्रेड ‘सी’चा उमेदवार दहा मिनिटांत जवळपास १००० शब्द ऐकून टिपतो आणि मग कॉम्प्युटरवर उतरवतो.

उलट यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला अनिवार्य इंग्रजी पेपर ३०० गुणांचा आहे. त्यात निबंध, उतारा, सारांश येतो. लिसनिंग नाही. पात्रतेसाठी २५ टक्के गुण लागतात, पण ते मेरिटमध्ये धरत नाहीत.

मार्क देणारा चुकू शकतो का?

हो. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभरहून जास्त शिक्षकांना तपासायला दिल्या. एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेल्या गुणांत १०० पैकी ३० हून जास्त गुणांचं अंतर पडलं. म्हणूनच आता मोठ्या परीक्षांत निकष आधी लिहून ठरवतात आणि परीक्षकांना त्यावर प्रशिक्षण देतात.

मशीन थकत नाही, चेहरा किंवा आडनाव बघत नाही, हा तिचा फायदा. पण हेडफोन खराब असेल, नेट अडकलं किंवा घराशेजारून ट्रकचा हॉर्न वाजला, तर मशीनला ते कळत नाही. कल्याण-शीळ रोडलगत राहून घरून टेस्ट देणाऱ्याला हा त्रास वेगळा सांगायला नको. लिसनिंगचा स्कोअर कमी आला म्हणजे इंग्रजी कमी, असा थेट अर्थ दर वेळी निघत नाही.

मग कॉलेजमध्ये ही टेस्ट घेता येईल का?

येईल, आणि त्यासाठी महागडी लॅब हवीच असं नाही. एक मोबाइल आणि बऱ्यापैकी स्पीकर पुरतो.

१. दोन ते तीन मिनिटांचा ऑडिओ निवडा. स्टेशनवरची घोषणा, बँकेतला संवाद, हवामानाची बातमी असं रोजचं काहीही. बोलणारा भारतीय असला तरी चालेल.

२. प्रश्न आधी वाचायला द्या. आपण काय शोधायचं हे माहीत असलं की ऐकणं सोपं जातं. खऱ्या आयुष्यातही आपण तसंच ऐकतो.

३. पहिल्या वर्षाला ऑडिओ दोनदा वाजवा, शेवटच्या वर्षाला एकदा.

४. आठ-दहा छोटे प्रश्न ठेवा. त्यात नाव, आकडा, वेळ आणि एखादा ‘बोलणाऱ्याला काय हवंय’ असा प्रश्न.

५. मग ऐकलेल्यावर ६० शब्दांचा ईमेल लिहायला सांगा. निकष फळ्यावर आधीच लिहा.

६. शेवटच्या बाकावरून आधी स्वतः ऐकून बघा. तिथे आवाज पोहोचत नसेल तर ती टेस्ट इंग्रजीची राहत नाही, जागेची होते.

ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी पर्याय हवाच. मोठ्या आंतरराष्ट्रीय परीक्षांतही अशा उमेदवारांना आधी अर्ज केला तर सवलती मिळतात.

विद्यार्थ्यांनी स्वतः काय करावं?

रोज एका मिनिटाचा ऑडिओ घ्या. एकदा ऐका, आठवेल ते लिहा. परत ऐका, राहिलेलं भरा. मग सबटायटल लावून तुलना करा. जिथे शब्द माहीत होता पण ऐकू आला नाही, तिथे खूण करा. ती यादीच तुमचा खरा अभ्यास. सबटायटल लावूनच सिरीज बघत राहिलं तर डोळ्यांचा सराव होतो, कान तसाच राहतो.

लिहिण्यासाठी पाठ केलेले निबंध सोडा. ऐकलेल्या त्याच ऑडिओवर पाच वाक्यं लिहा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासा.

थोडक्यात सांगायचं तर

ज्या गोष्टीला मार्क असतात, तीच वर्गात शिकवली जाते आणि तीच मुलं शिकतात. ऐकण्याला खरे मार्क नाहीत, म्हणून त्याचा सराव नाही, आणि सराव नसल्याचं बिल पहिल्या नोकरीच्या टेस्टमध्ये येतं. इंग्रजी माध्यमातल्या किंवा घरी इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाला ते जाणवत नाही. शीळ-डायघरच्या मराठी शाळेतून किंवा मुंब्र्याच्या उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला मात्र ते पूर्ण भरावं लागतं.

कॉलेजच्या तीन वर्षांत महिन्याला एक अशी टेस्ट झाली, तरी नोकरीच्या दिवशी कानाला लावलेला हेडफोन त्याच्यासाठी पहिला नसेल.