जॉयस्टिकची मूठ कोणाच्या हाती

1984 सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पुण्याच्या कॅम्पात राहत होतो. घरापासून चार पावलांवर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. दाराला जाड पडदा, आत अंधार आणि सतत पीं-पीं असा आवाज. माझा थोरला भाऊ शाळा सुटली की तिथं जायचा. मी बाहेर त्याचं दप्तर सांभाळत उभी राहायची. मुलींनी आत जायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. आमच्या मोहल्ल्यातली काय किंवा पलीकडच्या वाड्यातली काय, कोणत्याच घरची मुलगी तिथं जात नसे. पडदा हलला की मला दिसायचे ते फक्त हात. एक हात लाल गोळ्यावर, दुसरा बटणांवर.

त्या लाल गोळ्याच्या दांडीला जॉयस्टिक म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. अलीकडे माझा भाचा म्हणाला, "फुफी, आपण घरीच आर्केड बनवू. जॉयस्टिक कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा." ठरवायचं म्हणून शोधायला लागले आणि एका दांडीच्या पोटात केवढा इतिहास आहे, ते हळूहळू उलगडत गेलं.

जॉयस्टिक मुळात विमानातली. फ्रेंच वैमानिक रोबेर एस्नो-पेल्तरी यांनी 1907 मध्ये विमान सांभाळायला अशी एकच दांडी वापरली. पुढं ती खेळात आली. 1977 मध्ये अमेरिकेत अटारीचं घरगुती यंत्र निघालं. त्याच्या जॉयस्टिकला एक दांडी आणि एक लाल बटण असे. 1980 मध्ये जपानच्या नामको कंपनीचा पॅक-मॅन आला. त्याला तर खेळण्यासाठी बटणच नव्हतं. यंत्राच्या मधोमध एक दांडी, दिशा चार, बस्स. हा खेळ रचणारे तोरू इवातानी यांनी पुढं सांगितलं आहे की, आर्केडमध्ये मुलींनाही यावंसं वाटावं, हा त्यांचा हेतू होता. हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबले. तिकडं जपानात कुणीतरी माझ्यासारखीसाठी खेळ रचला होता आणि इकडं मी पडद्याबाहेर दप्तर घेऊन उभी होते!

खेळ आपल्याकडं घरात आला तो दोन वाटांनी. पहिली वाट संगणकाची. ब्रिटनचा स्पेक्ट्रम प्लस हा छोटा संगणक ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स या भारतीय कंपनीनं परवाना घेऊन इथं विकला. त्यावर खेळ सुरू करताना प्रश्न यायचा, तुमची जॉयस्टिक कोणत्या पद्धतीची? केम्पस्टन, सिंक्लेअर की कर्सर? सिंक्लेअर पद्धतीत दांडी डावीकडं नेली की संगणकाला वाटायचं, 6 चं बटण दाबलं. उजवीकडं 7, खाली 8, वर 9 आणि गोळीसाठी 0. म्हणजे दांडीची भाषा आणि खेळाची भाषा जुळवून देणं, हे काम तेव्हापासूनचं आहे.

दुसरी वाट नव्वदच्या दशकातली. निन्टेन्डोच्या 1983 च्या यंत्राच्या नकला बाजारात आल्या. मारिओ, कॉन्ट्रा आणि शेकडो खेळांची ती 'कॅसेट' पुष्कळांना आठवत असेल. त्यात दांडी नव्हतीच. अंगठ्यानं दाबायची अधिकच्या चिन्हासारखी कळ होती. गुनपेई योकोई यांनी 1982 च्या हातातल्या डाँकी काँग खेळासाठी ती आणली होती. खेळ घरात आला तशा मुलीही खेळू लागल्या. माझं मात्र तोवर लग्न झालं होतं.

पार्लरवरचा संशय सरला नाही. कर्नाटकातल्या एका प्रकरणात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ गेम पार्लरला परवान्याची अट योग्य ठरवली. यथावकाश आमच्या गल्लीतलं पार्लरही बंद झालं. 1997 मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' हा प्रोग्रॅम आणला आणि आर्केडचे जुने खेळ साध्या संगणकावर चालू लागले. खेळांचे हक्क अर्थातच त्यांच्या मालकांकडं राहिले. आम्हीही विकत मिळणारे संचच घेतले.

आता निवडीकडं येऊ. जॉयस्टिकच्या खाली चार छोटे स्विच असतात. चार स्विचांतून आठ दिशा कशा होतात? दोन स्विच एकदम दाबले गेले की तिरकी दिशा होते. 1991 च्या स्ट्रीट फायटर टूला या तिरक्या दिशा लागतातच. खालून पुढं अर्धवर्तुळाच्या निम्म्यानं दांडी फिरवून ठोशाचं बटण दाबलं तरच आगीचा गोळा सुटतो. पॅक-मॅनला मात्र तिरकी दिशा म्हणजे घोळ. वळणावर दोन स्विच लागले की तो गोंधळतो आणि भुताच्या तोंडी जातो.

मग दोन्ही खेळांना चालणारी दांडी कोणती? दांडीच्या खाली तिची हालचाल अडवणारी एक चौकट असते. काही जपानी बनावटींत ती काढून 45 अंशांत फिरवून बसवता येते. चौकट सरळ असली की आठ दिशा. फिरवली की कोपरे चार मुख्य दिशांना येतात आणि तिरकी वाट बंद होते. अशी सीमा बदलता येणारी दांडी घ्यावी, हे माझं मत. स्प्रिंग हलकी घ्यावी. पन्नाशीनंतर मनगट लगेच बोलू लागतं.

भवानी पेठेतल्या वखारीतून प्लायवूड आणलं, तपकीर गल्लीतून वायर आणि क्लिपा. बटणांसाठी 30 मिलीमीटरची भोकं पाडली. भोकं पाडण्याआधी हात फळीवर ठेवून, बोटं जिथं आपोआप पडतात तिथं पेन्सिलीनं खुणा कराव्यात. बाजारातले आराखडे दुसऱ्याच्या हाताचे असतात. प्रत्येक स्विचची एक वायर सामाईक, दुसरी एन्कोडर नावाच्या छोट्या पट्टीला आणि ती पट्टी यूएसबीनं संगणकाला.

पहिल्या दिवशी सगळं उलटं झालं. दांडी डावीकडं नेली की पॅक-मॅन उजवीकडं पळे. भाचा संगणकावर चूक शोधत बसला. चूक आमच्या जोडणीत होती. दांडी मध्यावर तोललेली असते. मूठ डावीकडं गेली की खालचं टोक उजवीकडं जातं आणि उजवा स्विच दाबतं. आम्ही डावीकडचा स्विच 'डावा' समजून जोडला होता. क्लिपा अदलाबदल केल्या आणि खेळ सरळ झाला. म्हणून आधी जोडावं, मग खेळाच्या सेटिंगमध्ये एकेक दिशा तपासावी आणि सर्वांत शेवटी पेटी बंद करावी.

ईदला भाऊ घरी आला. पेटी पाहून त्याचे डोळे चमकले, हात आपसूक पुढं आला. मी चौकट चार दिशांवर फिरवून ठेवली होती आणि दुसरी फेरी नुकतीच सुरू केली होती.

म्हटलं, "भाई, जरा थांब. माझा डाव संपू दे."