आधी पायरी, मग समाधी



कार्तिक वद्य अष्टमीला आपण आळंदीस गेला असाल, तर महाद्वारातली पायरीपूजा पाहिली असेल. माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याचा आरंभ या पूजेने होतो. नवखा वारकरी विचारतो, "समाधी आत आहे, मग आधी पायरीला फुले का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर रोजच्या जगण्यात उपयोगी पडणारे आहे.

ही पायरी हैबतबाबांची. सातारा भागातल्या आरफळचे हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी नोकरीस होते. परंपरेत कथा सांगतात ती अशी. कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले आणि गुहेत कोंडले. बाबांनी आत हरिपाठ धरला. एकविसाव्या दिवशी नायकाच्या घरी मुलगा जन्मला. हा त्या भजनाचाच प्रसाद असे मानून त्याने बाबांना सन्मानाने सोडले.

सुटलेला माणूस घराकडे धावतो. बाबा आळंदीला आले. ज्याच्या नामाने सुटका झाली त्याचे ऋण आधी, प्रपंच नंतर, असा त्यांचा हिशेब. रात्री माउलींपुढे उभे राहून ते भजन करीत.

त्या आधीच, १६८५ साली, तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली होती. ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीस जात. पुढे सुमारे १८३२ मध्ये हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था केली. खंडोजीबाबा, वासकर आदी मंडळींनी भजनाची शिस्त बसवली. आजही माउलींचे अश्व बेळगाव भागातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात. रिंगणात आपण त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतो ना, ती लावताना शितोळ्यांचे स्मरण होते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

एवढे करून बाबांनी स्वतःसाठी काय मागितले? माउलींच्या दारातली पायरी. पंढरीच्या महाद्वारी नामदेवराय शके १२७२ मध्ये पायरीखाली विसावले, संतांचे पाय लागावेत म्हणून. बाबांनीही तीच वाट धरली. संप्रदायाने हे विसरू दिले नाही. ज्याने पायाखालची जागा मागितली, त्याच्या पूजेशिवाय धन्याचा सोहळा सुरू होत नाही.

कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, आपल्यासाठी कोणी काय केले ते ओळखणारा. कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा. घात करायला शस्त्र लागत नाही, विसर पुरतो. म्हणून आपल्या पूर्वजांनी उपकाराची आठवण मनाच्या लहरीवर सोडली नाही. तिला तिथी दिली, जागा दिली, आणि ती जागा आरंभी ठेवली.

आता माझी चूक सांगतो. चाळीसेक वर्षे मी कीर्तन केले. त्यातली बरीच वर्षे एकच मृदंगमणी माझ्या मागे उभे राहिले. माझा श्वास कुठे तुटतो, चाल कुठे उचलायची, हे त्यांच्या बोटांना माझ्याआधी कळे. लोक नारळ आणि हार मला देत. आभार मी शेवटी मानीत असे, तेही घाईत. तोवर निम्मी मंडळी चपला शोधत असत, आणि पुष्कळदा मृदंगमण्यांचे नाव राहूनच जाई. ते कधी बोलले नाहीत. एके वर्षी ते गेले. पुढच्या कीर्तनात अभंग उचलला, तेव्हा मागचा ठेका निराळा होता, आणि माझे पाय कोणाच्या आधारावर उभे होते ते मला त्या दिवशी कळले. सांगायला मात्र समोर कोणी नव्हते.

आपल्या घरीही अशा पायऱ्या असतात. पहाटे उठून चूल पेटवणारी सून, आजारपणात रात्र जागलेला शेजारी, शाळेची फी भरून पुन्हा कधी तो विषय न काढणारा मामा. आपण यांच्यावर पाय ठेवून वर चढलो. त्यांचे आभार आपण समारंभासाठी राखून ठेवतो, आणि समारंभ येईतो माणूस राहत नाही. तेव्हा हा क्रम उलटा करावा. पहिला घास घेण्याआधी जिने रांधले तिला "अन्न गोड झाले" म्हणावे. कामाला हात घालण्याआधी ज्याने ते शिकवले त्याचे नाव घ्यावे. हयात असेल तर त्याला ऐकू जाईल असे घ्यावे.

आता माझा आवाज गेला, कीर्तन थांबले. तरी पहाटे हरिपाठाला बसताना टाळ उचलण्याआधी मी त्या मृदंगमण्यांचे नाव घेतो. उशीर झाला खरा. आपण तरी एवढा उशीर करू नये, ही विनंती.

राम कृष्ण हरी.